माफी मागायला कोणी आलं नाही

रायगड जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत मी पहिलीपासून दहावीपर्यंत राहून शिकले. मी कातकरी, आईबाप वीटभट्टीवर जाणारे. पुढे नर्सिंग केलं, सरकारी दवाखान्यांत नोकरी केली आणि आता नवीन पनवेलला राहते. खाली लिहिलेलं माझ्या एकटीचं नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या, मधूनच पळून गेलेल्या आणि आज स्वतःची पोरं अशाच शाळांत घालणाऱ्या बायका-पुरुषांशी बोलत आले, त्यातून जे कळलं ते आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, ती एक शाळा वाईट होती, आणि सुटतो.

१. आधी झालं ते सांगायचं. माफीचं मागाहून.

"झालं गेलं विसरून जा" हे आम्हाला फार लवकर ऐकवलं जातं. सांगणाऱ्याने बहुतेकदा काय झालं हे विचारलेलंही नसतं. मग "शिकलीस ना, नोकरी लागली ना" हे येतं. शिकले. नोकरी लागली. तरीही झालं ते झालंच.

जूनमध्ये शाळा उघडली की उवा नकोत म्हणून मुलींचे केस सरसकट कापत. दिवसा ज्या वर्गात शिकायचो तिथेच रात्री सतरंज्या टाकून झोपायचो. खरूज एकीला झाली की आठवड्यात सगळ्या खोलीला. वरणात डाळ शोधावी लागायची. स्वेटर यायचे ते थंडी सरल्यावर. आपल्या बोलीत बोललं की छडी. 'कातवडी' ही तिथे शिवी होती. मोठी माणसं द्यायची तशी बरोबरची पोरंही द्यायची, ठाकर आदिवासींचीसुद्धा, कारण उतरंडीत आमच्या खाली कोणी नव्हतं. हे शेवटचं बोलायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आदिवासींनी आदिवासींचं असं काही बाहेर काढू नये, असं आमच्या सभांतून शिकवतात. पण ताटावर बसलेल्या पोरीपासून शेजारची सरकून बसली, तर ते कोण सरकलं हेही सांगायला हवं.

आणि शिकवलं काय नाही, तेही सांगायला हवं. २५ सप्टेंबर १९३० ला उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होता. माझ्याच जिल्ह्यातला, माझ्याच जमातीचा माणूस. मला तो दहावी होऊन गेल्यावर भेटला.

त्याच शाळेत एक गुरुजी होते. दिवाळीच्या सुटीला जाताना मला स्वतःची पुस्तकं द्यायचे, परत आले की त्यातलं विचारायचे. मी नर्स झाले ती त्यांच्यामुळे. हे दोन्ही खरं आहे. एक सांगताना दुसरं पुसायची गरज नाही.

२. आपलं दुःख दुसऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवावं, त्याच्यावर ठेवू नये.

मे २०२१ मध्ये कॅनडातल्या कॅमलूप्सची बातमी आली. मूळनिवासींच्या मुलांसाठी चालवलेल्या निवासी शाळेच्या आवारात, नोंद नसलेल्या थडग्यांच्या खुणा सापडल्याचं तिथल्या लोकांनी जाहीर केलं होतं. त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले. तिथे सरकारने पैसा दिला, चर्चने शाळा चालवल्या. १९२० साली कायदा करून मुलं पाठवणं सक्तीचं केलं. सुमारे दीड लाख मुलं त्या शाळांतून गेली आणि शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. मुलातला आदिवासी संपवायचा, हा तिथे उघड हेतू होता.

आपल्याकडे सुरुवात वेगळी झाली. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भील सेवा मंडळ काढलं ते कळवळ्यातून. महाराष्ट्र सरकारने १९७२-७३ पासून डोंगराळ भागात आश्रमशाळांची योजना लावली, तीही पोरं शिकावीत, दोन वेळा जेवावीत म्हणून. आमच्या वाडीवर मुलं न्यायला पोलीस आले नाहीत. बापाने स्वतः खांद्यावर बसवून नेलं. त्यामुळे कॅनडात झालं तेच इथे झालं असं मी म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर अडवेन.

पण तिथल्या फिलिस वेबस्टॅड या बाईंची हकीकत वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. सहा वर्षांची पोर, १९७३ साल, आजीने घेऊन दिलेला नवा केशरी शर्ट, आणि शाळेत पहिल्याच दिवशी तो काढून घेतला. तो परत मिळाला नाही. तिला कायद्याने नेलं होतं, मला भुकेने. सतरंजीवर पडलेल्या सहा वर्षांच्या पोरीला हा फरक कळत नाही.

३. राग एका गठ्ठ्यात ठेवू नका. कोणाचा कोणावर, ते वेगळं करा.

आमच्या अधीक्षिका मारत. हाताला लागेल त्याने मारत. त्या वारल्याचं मला कोणीतरी फोनवर सांगितलं, तेव्हा आधी वाईट वाटलं आणि मग संताप आला, कारण आता त्यांना विचारायचं राहिलं ते राहिलंच. माफी मागायला त्या आल्या नाहीत. ती शाळा चालवणाऱ्यांपैकी कोणीच कधी आलं नाही.

माझा त्यांच्यावरचा राग उतरला तो वॉर्डात, रात्रपाळीला. पावसाळ्यात तापाचे पेशंट जमिनीवर गाद्या टाकून ठेवलेले, ड्युटीला मी आणि एक मावशी. पहाटे तीन वाजता दमलेल्या माणसाच्या आतून काय वर येतं, ते मला तिथे समजलं. त्या बाईंकडे शंभरावर मुली होत्या. स्वतःचं मूल माहेरी ठेवलेलं. रजा मागितली तर बदली बाई मिळत नसे. त्यांनी मारलं ते चूकच होतं, आणि तेव्हा कोणी तक्रार करून त्यांच्यावर कारवाई झाली असती तर मी ती योग्यच मानली असती. पण त्या बाईंना मी माफ केलं आहे. मनापासून.

एका बाईवर शंभर मुली टाकून जे निघून गेले, त्यांना नाही. आदिवासी विकास विभागाच्या योजनांमधल्या गैरव्यवहारांची चौकशी करायला मुंबई उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांची समिती नेमली होती. २०१७ साली तिचा अहवाल आला. त्या प्रकारचा हिशेब माफीने मिटत नसतो. तो वसुलीने आणि शिक्षेने मिटतो, आणि तोवर राग ठेवायला माझी हरकत नाही. तो राग मला जाळत नाही, कामाला लावतो.

४. दुसऱ्याच्या वाटची माफी आपण देऊ शकत नाही.

माझ्या शेजारी झोपणारी एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, तिच्या घरच्यांना विचारलेलं नाही. श्रावणातला पाऊस. तिला संध्याकाळपासून ताप होता, रात्री अंग भाजायला लागलं. आम्ही दोघी-तिघींनी जाऊन सांगितलं, गोळी मिळाली. शाळा रस्त्यापासून आत, गाडी नाही, ओढ्याला पाणी. सकाळी दुधाच्या टेम्पोतून तिला नेलं. आरोग्य केंद्रात पोचायच्या आधीच ती गेली. आम्हाला सांगितलं, ती मुळातच अशक्त होती. तिची आई पेटी न्यायला आली तेव्हा आम्हाला प्रार्थनेला बसवलं होतं. खिडकीतून ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन जाताना दिसली. तिच्या जागेवर पुढच्या आठवड्यात दुसरी सतरंजी पडली.

असं फक्त आमच्याकडे झालं असतं तर मी ते इथे लिहिलं नसतं. राज्यभरातल्या आश्रमशाळांत शेकडो मुलं दगावली आहेत. ताप, साप, विंचू, बुडून, आणि कितीतरी अशी की कारणच नीट नोंदलेलं नाही. २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने या मृत्यूंचा अभ्यास केला. एक नर्स म्हणून सांगते, लहान मुलाचा ताप रात्रभर थांबत नाही. गाडी आणि फोन, या दोन गोष्टींवर तिथे जीव असतो.

मोठी झाल्यावर मी त्या आईकडे गेले. ती म्हातारी झाली होती, अंगणात करवंदं निवडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने एकच विचारलं. रात्री तिने पाणी मागितलं होतं का? मी म्हटलं, मागितलं, मी दिलं. तिने मान हलवली आणि परत करवंदांना हात घातला. तिने मला बसवून घेतलं, जेवू घातलं, शाळेविषयी अवाक्षर काढलं नाही.

मला अनेकांनी सांगितलं आहे की मन हलकं करायचं तर सगळं माफ कर. माझा मार, माझी भूक, माझी बोली, यांची माफी माझ्या हातात आहे. त्या मुलीची नाही. ती त्या आईच्या हातात आहे, आणि ती देत नसेल तर कोणी कीर्तनातून तिला शिकवू नये.

कॅनडात या शाळांमध्ये मेलेल्या मुलांची नावं गोळा केली आहेत, चार हजारांवर. एका लांबच लांब लाल कापडावर ती लिहिली. आपल्याकडे अशी यादी कुठल्या भिंतीवर मी पाहिली नाही. मला ती हवी आहे. त्यात तिचं नाव हवं आहे.

५. आईबापांचा हिशेब सगळ्यात शेवटी सुटतो.

अधीक्षिकांना माफ करणं सोपं गेलं. बाला करणं नाही. दर वर्षी दिवाळीनंतर आई-बा भट्टीवर निघून जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. मधले महिने कोणाची आई भेटीच्या दिवशी यायची, माझी यायची नाही. मला वाटायचं, धाकट्याला बरोबर नेतात, मला इथे टाकतात.

उचल म्हणजे काय ते मला नंतर कळलं. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मालकाकडून पैसे घ्यायचे आणि हंगामभर विटा थापून फेडायचे. फिटले नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. तिथे पोरंही रिकामी नसतात, ओल्या विटा उलटत बसतात. बासमोर दोनच वाटा होत्या. पोरीला विटांत बसवायचं, की जिथे वरण पातळ का होईना पण रोज आहे तिथे ठेवायचं. त्याने ठेवलं. पनवेलच्या आसपासच्या भट्ट्यांतून निघालेल्या विटांवर ही शहरं उभी राहिली. सिडकोच्या या वसाहतीत राहताना मला ते रोज आठवत नाही. पण आठवतं तेव्हा मी बाशी भांडत नाही.

तिसरी वाट होती, ही गोष्ट मला जास्त टोचते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. त्याच्या कितीतरी आधी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली होती. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं. हे करून दाखवलेलं होतं. आमच्यापर्यंत ते पोचलं नाही, आणि त्याचा दोष वीट थापणाऱ्या माणसाकडे जात नाही.

बा गेला तोवर आमचं याविषयी बोलणं झालं नव्हतं. आईशी झालं, तेही बोलीमुळे. शाळेने माझ्या तोंडातली कातकरी जवळजवळ पुसली होती. सुटीत घरी गेले की मी आईशी शाळेच्या मराठीत बोलायचे आणि ती गप्प व्हायची. तिला वाटायचं, पोरगी आपल्याला लाजते. नोकरीला लागल्यावर मी तिच्याशी पुन्हा कातकरीत बोलायला लागले. अडखळत, चुकीच्या जागी चुकीचं बोलत. ती हसायची, नीट करून द्यायची. असंच एकदा भाकरी थापता थापता तिने सांगितलं की माझ्या शाळेच्या दिशेला बघून बा भट्टीवर संध्याकाळी जेवत नसे. हे तिने मराठीत कधी सांगितलं नसतं.

६. काही गोष्टींना माफीच्या चर्चेत आणूच नका.

मुलांवरचे लैंगिक अत्याचार. २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यात पाळ्याच्या आश्रमशाळेतलं प्रकरण उघड झालं तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, मुलांसाठी १०९८ हा फोन आहे, आणि कळूनही न कळवणं हाही गुन्हा आहे. अशा वेळी गावातली, जमातीतली, संस्थेतली मोठी माणसं मिटवायला बसतात. त्या बैठकीला जाऊ नका. पोलीस ठाण्यात जा, मला फोन करा, मी येते.

७. माफी एकट्याने होत नाही. ऐकणारं लागतं.

कॅनडाच्या पंतप्रधानांनी, स्टीफन हार्पर यांनी, ११ जून २००८ ला संसदेत त्या निवासी शाळांबद्दल माफी मागितली. पोप फ्रान्सिस २०२२ च्या जुलैमध्ये तिथे जाऊन मूळनिवासींसमोर माफी मागून आले. यापेक्षा मला मोठं वाटतं ते मधलं काम. सत्य आणि सलोखा आयोगाने वर्षानुवर्षं देशभर फिरून साडेसहा हजारांहून जास्त लोकांचं ऐकून घेतलं. आयोगाचे प्रमुख न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर स्वतः मूळनिवासी. २०१५ साली त्यांनी ९४ मागण्या सरकारपुढे ठेवल्या. आधी ऐकलं, मग लिहिलं, मग मागितलं. सगळं पुरं झालं असं तिथले लोकही म्हणत नाहीत, पण क्रम बरोबर होता.

आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात. शाल, नारळ, गुरुजींचं भाषण, फोटो. आम्ही काही जणींनी वेगळं सुरू केलं. रविवारी माझ्या घरी बसायचं. फोटो काढायचे नाहीत. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. पहिल्यांदा दुपार नुसती चहात गेली. मग एक जण बोलली. आता पुरुषही येतात, कर्जतकडून, पेणकडून. एक रिक्षा चालवतो. पाचवीत तो शाळेतून पळाला होता, रात्रभर जंगलातून चालत घरी पोचला होता आणि बापाने सकाळी परत आणून सोडलं होतं. पन्नाशीच्या त्या माणसाने हे पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. त्याच बैठकीत आमच्यातली एक ठाकर बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "ताटावरून मी सरकायची. मला आठवतं." इतक्या वर्षांत कोणी माझ्याकडे येऊन बोललेलं ते एकमेव वाक्य. मी काहीच बोलले नाही, तिचा हात धरला. आता ती आणि मी बाजाराला बरोबर जातो.

८. ज्या जागेने घेतलं, तिनेच कधी दिलेलंही असतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाचा कडा इर्शाळवाडीवर आला. ठाकरांची वाडी, इथून फार लांब नाही. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं सापडलीच नाहीत, शोध थांबवावा लागला. त्या वाडीतली काही मुलं त्या रात्री घरी नव्हती. ती आश्रमशाळेत होती, म्हणून राहिली.

मी या मुलांचा विचार किती केला असेल! आईबापांपासून तोडते म्हणून जिचा राग करावा, त्या शाळेने त्यांना जिवंत ठेवलं, आणि घरी जायला घर ठेवलं नाही ते डोंगराने. मोठेपणी ही मुलं आपल्या शाळेकडे कोणत्या नजरेने बघतील, ते त्यांनाच ठरवू द्यावं. भाषणात कोणी म्हणालं, बघा, आश्रमशाळांमुळे मुलं वाचली, तर मला राग येतो. त्या डोंगराखाली वाडी का राहिली होती, हा प्रश्न त्यात बुडतो. आणि कोणी म्हणालं, आश्रमशाळा बंदच करा, तर मला त्या मुलांचे चेहरे दिसतात. मला शाळा बंद नको आहेत. मला त्यांत शंभर मुलींना एकापेक्षा जास्त बाया हव्यात, एक परिचारिका हवी, मुलांची बोली येणारा एक तरी शिक्षक हवा.

९. माफ केलं म्हणून बघायचं थांबवू नका.

जूनच्या तोंडाला वाडीवरच्या आया विचारतात, पोरीला घालू का? मी हो किंवा नाही सांगत नाही. काय बघायचं ते सांगते. न कळवता जा, आठवड्याच्या मधल्या वारी. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का बघा. मुली रात्री कुठे झोपतात, त्या मजल्यावर कोण असतं, विचारा. पोरीशी एकटीशी बोला, आपल्या बोलीत. तिच्याकडून घरचा एक फोन नंबर पाठ करून घ्या, रोज झोपताना म्हणून घ्या. पोरगी सुटी संपल्यावर जायला रडत असेल तर लाड म्हणून सोडू नका, कारण विचारा.

मागच्या जूनमध्ये माझ्या भाचीने मुलीला पहिलीला घातलं. मी बरोबर गेले. नव्या अधीक्षिका तरुण होत्या, स्वतः आश्रमशाळेतून शिकलेल्या. मी विचारलं, रात्री एखादीला ताप चढला तर गाडी कुठली? त्यांनी भिंतीवर चिकटवलेला नंबर दाखवला. मी तो तिथे उभ्या उभ्या लावला. तिसऱ्या रिंगला एका माणसाने उचलला आणि विचारलं, कुठल्या शाळेतून बोलताय, पेशंट किती वर्षांचा?